सहानुभूति : तिची थोरवी आणि तिची मर्यादा

वार्षिकांकासाठीं विद्यार्थ्यांचे निबंध निवडण्याचें काम प्रतिवर्षीं आमच्याकडे येतें. यंदां 'मला आलेला एक अनुभव' या विषयावर जे निबंध आले, त्यांपैकीं बरेचसे एकाच सांच्यांतून काढल्यासारखे होते. पौषाची थंडी पडली आहे. शाळेच्या वाटेवर एक म्हातारा कुडकुडत बसला आहे. लेखकाला त्याची दया येते. तो घरून आपली चादर आणून त्याच्या अंगावर घालतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतें. आणि त्या रात्रीं लेखकाला मोठी सुखाची झोंप लागते. निबंध वाईट नाहींत. कित्येकांची भाषा शुद्ध आहे, आणि हेतु तर सर्वांचाच शुद्ध आहे. परंतु वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या मनांत घोळूं लागली. झोंप लेखकाला लागली. म्हाताऱ्याला लागली कीं नाहीं, हें एकाही निबंधांत नाहीं. त्याचें नांव काय, गांव कोणतें, त्याच्यावर ही वेळ कशानें आली, हें एकाही लेखकानें त्याला विचारलेलें नाहीं.

विद्यार्थ्यांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मुलें जें लिहितात तें त्यांनीं वडील माणसांकडून ऐकलेलें असतें. गरिबांवर दया करावी, दुबळ्याला हात द्यावा, हें आम्हां शिक्षकांनीं वर्गांत आणि आईबापांनीं घरीं त्यांना शिकविलें, आणि तें योग्यच झालें. परंतु तेवढें शिकवून आम्ही थांबलों. समाजांत एकाच्या वाट्याला चादर येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला थंडी येते; ही विषमता केवळ मनाच्या कळवळ्यानें नाहींशी होते काय, आणि होत नसेल तर कळवळ्याचें काम कोठवर व त्यापुढें काय, हा प्रश्न आम्हीं मुलांपुढें कधीं ठेवलाच नाहीं. म्हणून यंदां तो येथें मांडीत आहों.

प्रथम सहानुभूतीची थोरवी सांगणें अवश्य आहे. कारण जो तिला हसतो त्याला समाजसुधारणेचा पायाच ठाऊक नाहीं. दया आणि सहानुभूति यांत आम्ही थोडा भेद करितों. दया वरून खालीं पाहते; सहानुभूति शेजारीं येऊन बसते. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं पुण्यांतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तेव्हां कोणत्याही सरकारी हुकुमानें त्यांना तसें करण्यास भाग पाडलें नव्हतें. १८९७ सालीं पुण्यास प्लेगानें कहर केला असतां सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या दवाखान्यांत आल्या. तो रोग त्यांनाही जडला, आणि १० मार्च रोजीं त्यांनीं देह ठेवला. असें कृत्य कायद्यानें करवून घेतां येत नाहीं. कायद्याच्या पुस्तकांतील प्रत्येक चांगलें कलम प्रथम कोणाच्या तरी अंतःकरणांत लिहिलें गेलेलें असतें.

आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलाला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते. वाटमारी झालेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूनें निघून गेले. शोमरोन्याला मात्र कळवळा आला. येथवर मुलें ही गोष्ट मोठी रंगवून सांगतात. परंतु तिचा उत्तरार्ध आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. तो मनुष्य जखमा बांधून थांबला नाहीं. त्यानें जखमी माणसाला उतारशाळेंत पोंचविलें, मालकाच्या हातावर दोन दीनार ठेविले, आणि अधिक खर्च होईल तो परत येतांना देईन असें सांगितलें. म्हणजे आपण जवळ नसतांनाही त्या माणसाची शुश्रूषा चालूं राहील अशी व्यवस्था त्यानें केली. कळवळा आला हें त्याचें पुण्य. व्यवस्था केली हें त्याचें शहाणपण. आमच्या समाजांत पहिल्याची वाण नाहीं, दुसऱ्याची आहे.

सहानुभूतीची पहिली मर्यादा अशी कीं तिची नजर आंखूड आहे. जें डोळ्यांसमोर, एकाएकीं आणि एका माणसावर कोसळतें त्यानें ती जागी होते. जें रोज, हळूहळू आणि हजारोंवर चालतें त्याची तिला संवय होऊन जाते. रस्त्यावर अपघात झाला तर धांवत जाणारा मनुष्य आपल्याच गल्लींत विड्या वळीत बसलेल्या बाईला वर्षानुवर्षें पाहूनही पाहत नाहीं. भंडारा, तुमसर, गोंदिया या भागांत विडीचा धंदा पिढ्यानुपिढ्या चालत आला. मांडीवर सूप, सुपांत तेंदूचीं पानें व तंबाखू, मान सकाळपासून खालीं घातलेली. मजुरी हजारी हिशेबानें. आणि ठेकेदार वाईट म्हणून ज्या विड्या बाजूला काढील त्या 'छाटे'चें नुकसान वळणारीच्याच माथीं. अशा बाईला सणासुदीस एखादें लुगडें देणारे सद्गृहस्थ पूर्वींही होते. परंतु लुगड्यानें छाटेचा हिशेब बदलला नाहीं. १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींविषयीं कायदा झाला, १९७६ सालीं त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला, तेव्हां कोठें त्या बाईला ओळखपत्र, दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ति यांवर आपला म्हणून कांहीं अधिकार सांगतां येऊं लागला. हे कायदे पूर्णपणें पाळले गेले असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु लुगडें मिळालें नाहीं तर तिला कोणाकडे तक्रार करितां येत नव्हती. शिष्यवृत्ति अडली तर ती करितां येऊं लागली. दान आणि हक्क यांत भेद आहे तो हा.

आमच्या तलावांच्या जिल्ह्यांत ही गोष्ट समजावून देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेल्या, व पुढें मालगुजारी या नांवानें ओळखल्या गेलेल्या तलावांच्या खालीं धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. तुडुमाजवळच्या बांधीला पाणी आधीं मिळतें. शेवटच्या बांधीला उरलें तर मिळतें. पाऊस दगा देतो त्या वर्षीं वरच्या शेतकऱ्याचें धान पिकतें आणि खालच्याचें करपतें. वरचा शेतकरी मनानें चांगला असला तर खालच्याच्या घरीं पायलीभर तांदूळ पाठवितो. खालचा तो घेतो, कारण घरांत मुलें आहेत. पुढल्या वर्षीं पुन्हां तेंच. या दोघांमध्यें सहानुभूतीची उणीव कोठें आहे? उणीव आहे ती पाण्याच्या पाळीची. पाळी दोघांच्या संमतीनें ठरली, आणि ती मोडणाऱ्यास जाब विचारणारें कोणी असलें, म्हणजे खालच्याला पायलीभर तांदळाची गरज उरत नाहीं. मात्र पाळी ठरली कीं वरच्याच्या बांधींत पाणी थोडें कमी येतें, आणि खरी अडचण येथेंच आहे. तांदूळ देतांना त्याचें फारसें कांहीं जात नाहीं, उलट गांवांत नांव होतें. पाळी मान्य करितांना त्याचें कांहीं जातें, आणि नांव तर होतच नाहीं.

दुसरी मर्यादा आम्ही पुस्तकांत वाचून शिकलों नाहीं. स्वतःच्या चुकीनें शिकलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत गरीब विद्यार्थ्यांच्या निधीचे चिटणीस होतों. मुलांनीं आपल्या खाऊचे पैसे सांठवून तो निधि जमविला होता, आणि त्यांतून वह्या-पुस्तकें घेतलीं होतीं. तीं वांटण्याचा दिवस आला तेव्हां आम्हीं सर्व शाळेला प्रार्थनेच्या वेळीं एकत्र बसविलें आणि एकेकाचें नांव मोठ्यानें वाचलें. नववीच्या वर्गांतील एक मुलगा पुढें आला, त्यानें वह्या घेतल्या, नमस्कार केला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत येईना. आठवड्यानें आम्ही त्याच्या घरीं गेलों. रोवणीचे दिवस होते. त्याची आई चिखलाच्या पायांनीं नुकतीच शेतावरून आली होती. ती रागावली नाहीं. तिनें चटई टाकून आम्हांस बसविलें, आणि म्हणाली, "गुरुजी, वह्या पाहिजेच होत्या. पण त्याचं नांव सगळ्यांसमोर कशाला घेतलं? वर्गांतलीं पोरं त्याला आतां फुकट्या म्हणतात." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तो मुलगा त्या वर्षीं परत आला नाहीं. पुढेंही आला नाहीं.

आमच्या मनांत कळवळा नव्हता असें नाहीं; तो भरपूर होता. परंतु त्या मुलाच्या जागीं उभें राहून आम्हीं तो प्रसंग पाहिला नव्हता. व्यासपीठावरून पाहिला होता. देणाऱ्याला टाळ्या हव्या असतात, घेणाऱ्याला त्या नको असतात, एवढें साधें आम्हांस कळलें नाहीं. देणारा नेहमींच देणारा आणि घेणारा नेहमींच घेणारा राहिला, तर दानानें विषमता कमी होत नाहीं. ती सर्वांना स्पष्ट दिसते एवढेंच. पुढील वर्षीं आम्हीं रीत बदलली. नववी-दहावीच्या वर्गांसाठीं पुस्तकांचें एक कपाट केलें, आणि श्रीमंत-गरीब न पाहतां प्रत्येक मुलाला त्यांतलींच पुस्तकें वर्षभर वापरावयास दिलीं. कोणीं पैसे दिले व कोणीं दिले नाहींत, ती यादी कुलपांत ठेविली. तेव्हां एक सुस्थितींतील पालक येऊन म्हणाले, "आम्हांला ऐपत असतांना आमच्या मुलाला जुनीं पुस्तकें कशाला?" आम्हीं त्यांस म्हटलें, "आपल्या मुलाच्या हातांत जुनें पुस्तक असेल, तरच दुसऱ्याच्या हातांतील जुनें पुस्तक कोणाला दिसणार नाहीं." त्यांना तें फारसें रुचलें नाहीं, पण मुलानें तीं पुस्तकें वापरलीं, आणि तो उत्तीर्णही झाला. ज्याच्यामुळें आम्हांस हें सुचलें, तो मुलगा मात्र त्या वर्गांत नव्हता.

तिसरी मर्यादा सामर्थ्याची आहे. सहानुभूति ठराव करूं शकते. तो पाळला जाईल इतकें बळ तिच्या एकटीच्या अंगीं नाहीं. रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनें पुढल्याच वर्षीं आपलें चवदार तळें खुलें असल्याचें जाहीर केलें. कागदावर सर्व कांहीं झालें. परंतु सवर्णांच्या धाकामुळें त्या पाण्याला हात लावणें अस्पृश्यांना शक्य झालें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशीं परिषदेस आलेल्या मंडळींवर हल्ला झाला. पुढें तळें 'शुद्ध' करण्यांत आलें. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठरावच मागें घेतला. आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढत चढत उच्च न्यायालयानें हा हक्क मान्य केला तो १९३७ सालीं. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षें गेलीं. तळें तेंच, पाणी तेंच.

या लढ्यांत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे असे स्पृश्य मानलेल्या समाजांतील गृहस्थही होते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांनीं स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करला. परंतु पुढारीपण स्वतःकडे घेतलें नाहीं. ज्याचें दुःख त्याचा शब्द पुढें, आणि आपण त्याच्या पाठीशीं, ही सहानुभूतीची खरी जागा त्यांनीं ओळखली होती.

आमच्या जिल्ह्यालाही या बाबतींत एक आठवण आहे. १९५४ सालीं लोकसभेच्या भंडारा मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेले डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. ते पराभूत झाले; काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. पराभवाचीं राजकीय कारणें अनेक असतील. त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु १४ एप्रिलला त्यांच्या पुतळ्यावर हार पडतांना आम्ही पाहतों, तेव्हां मनांत येतें कीं त्या वर्षीं त्यांनीं आमच्या जिल्ह्याजवळ हार मागितला नव्हता. मत मागितलें होतें. कोणाविषयीं आदर किंवा कळवळा बाळगणें ही एक गोष्ट. निर्णयाच्या जागीं त्याला आपल्या शेजारीं बसूं देणें ही दुसरी.

यावर कोणी म्हणेल कीं सहानुभूति इतकी अपुरी असेल तर तिचें नांव सोडावें, आणि सर्व काम कायद्यावर सोंपवावें. तेंही आम्हांस मान्य नाहीं. आणि त्याचें उत्तर दुर्दैवानें आमच्याच जिल्ह्यांत आहे. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट झाली. १९८९ सालीं अत्याचार प्रतिबंधाचा कायदा झाला. तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजीं मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी येथें भोतमांगे कुटुंबांतील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गांवांतल्याच जमावानें हत्या केली. हें लिहितांना आमचा हात अडखळतो. परंतु आमच्या जिल्ह्याच्या मुलांपासून तें लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या कुटुंबाजवळ थोडी शेती होती. तें कष्टानें वर येत होतें. घरांत शिक्षणाची ओढ होती. भंडाऱ्याच्या न्यायालयानें २००८ सालीं आठ जणांस दोषी ठरविलें. २०१० सालीं उच्च न्यायालयानें फांशीच्या शिक्षा बदलून त्या जागीं पंचवीस वर्षांचा कारावास दिला. कायद्यानें आपलें काम केलें. पण तें गुन्हा घडून गेल्यावर. त्या संध्याकाळीं कायदा दूर होता, शेजारी जवळ होता. जो दीन होऊन हात पसरतो त्याच्याविषयीं दया वाटणें सोपें आहे. जो मान वर करून आपल्या बरोबरीनें उभा राहतो त्याच्याविषयीं बंधुभाव वाटणें कठीण आहे. आमच्या सहानुभूतीची परीक्षा दुसऱ्या माणसापाशीं होते, पहिल्यापाशीं नव्हे.

तात्पर्य, हक्क आणि हृदय यांपैकीं कोणतेंही एक पुरेसें नाहीं. शाळेंतील दुपारच्या जेवणाचें उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानें प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेलें अन्न देणें सरकारांवर बंधनकारक झालें, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्क ठरला. ताटांत अन्न येणें हें आतां कोणाच्या मर्जीवर राहिलें नाहीं. ही मोठी गोष्ट झाली. परंतु पंगतींत कोण कोणाशेजारीं बसतें, कोणीं शिजविलेलें कोण निमूटपणें खातें, आणि कोणाचें मूल घरून डबा आणून दूर बसतें, हें त्या कायद्यानें ठरत नाहीं. तें घरांत ठरतें. म्हणून आमचें पालकांस सांगणें आहे कीं मुलांच्या हातून दान करविण्यापूर्वीं त्यांना पंगतींत बसवा. गरिबाला जुने कपडे देणारें मूल चांगलेंच; पण गरीब मित्राच्या घरीं जाऊन पाणी पिणारें व त्याला आपल्या घरीं बोलावणारें मूल त्याहून चांगलें. घरीं कामास येणाऱ्या बाईला दिवाळीस मिठाई देतां, तशी तिला आठवड्याची एक सुटी व ठरल्या दिवशीं पगार देतां काय, हें मुलें पाहत असतात. आम्ही वर्गांत जें शिकवितों तें मुलें लिहून घेतात. आपण घरीं जें करितां तें तीं शिकतात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमची चादर आम्ही परत मागत नाहीं. थंडींत माणूस कुडकुडत असतां विषमतेवर व्याख्यान देत बसणारा आम्हांसही नको. चादर आधीं द्या; परंतु ती देऊन लगेच घरीं झोंपावयास जाऊं नका. त्या म्हाताऱ्याजवळ क्षणभर बसा. त्याचें नांव विचारा. त्याला वृद्धांसाठीं असलेलें सरकारी अनुदान मिळतें काय, मिळत नसेल तर कोणता कागद अडला आहे, तें विचारा. आणि वडिलांना किंवा आम्हांस घेऊन त्या कागदासाठीं तहसील कचेरींत दोन खेपा घाला. तेथें तुमचे पाय दुखतील, आणि टाळ्या कोणी वाजविणार नाहीं. पुढील वर्षीं पुन्हां थंडी पडेल, तेव्हां त्याला तुमच्या चादरीची वाट पाहावी लागूं नये, एवढें झालें म्हणजे तुमची सहानुभूति कामास आली.

पुढल्या वार्षिकांकासाठीं याच विषयावर निबंध मागविण्याचा आमचा विचार आहे. त्यांत भाषेच्या चुका असल्या तर आम्ही त्या सुधारून घेऊं. मात्र म्हाताऱ्याला नांव असावें.